सिनेमा सोडू की कादंबरी?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका चित्रपट निर्मात्या आहेत, वय पंचेचाळीसच्या आसपास. एका भागीदाराबरोबर त्यांची छोटी निर्मिती संस्था आहे. काही सिनेमे चालले, काही आपटले, पण संस्था टिकून आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांची पहिली कादंबरी आली. खप बेताचाच झाला, पण ज्यांनी वाचली त्यांनी मनापासून दाद दिली. दुसरी अर्ध्यावर अडकली आहे. भागीदार म्हणतो, ‘फायनान्सर विचारायला लागलेत, मॅडमचं लक्ष आहे ना कामात?’ एका ओळखीच्या दिग्दर्शकाला पहिल्या कादंबरीवर सिनेमा करायचा आहे आणि निर्मिती बाईंनीच करावी असा त्याचा आग्रह आहे. त्या लिहितात: ‘निर्मिती हे माझं पोटापाण्याचं काम, कादंबरी माझी स्वतःची. दोन्ही करताना दोन्हीकडे अर्धीच उरते. सिनेमा सोडून पूर्णवेळ लिहू का? की स्वतःच्याच कादंबरीवर सिनेमा काढून दोन्ही एकदाचं जुळवून टाकू?’ सोबत त्यांनी नव्या कादंबरीची काही पानं पाठवली आहेत.

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला पटलेलं नाही, आणि बाकीचा पेच त्याच वाक्यावर उभा आहे असं वाटतं. ‘निर्मिती पोटापाण्याची, कादंबरी माझी स्वतःची.’ हे लिहिणारी बाई त्याच पत्रात पुढे अख्खा परिच्छेद कशावर खर्च करते? रात्री उशिरा लोकेशनची परवानगी रद्द झाल्याचा फोन आला आणि सकाळी सातचा कॉल होता, त्या रात्रीवर. तुम्ही दिग्दर्शकाला उठवलं नाहीत, आधी कलादिग्दर्शकाला उठवलंत, कारण पुढच्या आठवड्याचा सेट जवळजवळ उभा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. मग नटांच्या तारखा जुळवल्या, कॉलशीट, म्हणजे कुणी कधी कुठे हजर व्हायचं त्याचं पत्रक, नव्याने काढली, पहाटेच्या आत ती सगळ्या युनिटला पोहोचली आणि दिवस वाचला. केवळ पोटासाठी केलेल्या कामाबद्दल माणूस असं लिहीत नाही. तुम्हाला निर्मिती आवडते. ते कबूल केलंत तर कादंबरीचा अपमान होईल अशी कुठेतरी भीती आहे, म्हणून निर्मितीला खालच्या पाटावर बसवता.

आधी ही उतरंड मोडू या, कारण ती तशीच ठेवून घेतलेला कुठलाही निर्णय चुकेल. सिनेमा सोडलात तर जे आवडतं तेच सोडल्याची चुटपुट लागेल. धरून ठेवलात तर रोज आपण तडजोड करतोय असं वाटत राहील.

आता वेळेचं. ‘अर्धीच उरते’ असं तुम्ही म्हणता. हिशेब मांडून बघू. साधारण कादंबरी 80,000 शब्दांची धरा. दिवसाला 400 शब्द, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे आठवड्याला 2,000. चाळीस आठवड्यांत पहिला खर्डा हातात. वर्षाला बारा आठवडे मोकळे राहिले, आणि चित्रीकरणाला एवढे पुरतात हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. सिनेमाचं काम वर्षभर सारख्या तीव्रतेने चालत नाही. पूर्वतयारीचे शेवटचे आठवडे आणि चित्रीकरण माणसाला गिळून टाकतात. पण त्याआधीचा संहितेचा, पैसा उभा करण्याचा काळ महिनोन् महिने रेंगाळतो. तुम्ही कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत असता: नटाच्या, फायनान्सरच्या, ओटीटीवाल्यांच्या. पुढे दिग्दर्शक एडिटला बसतो तेव्हाही पहिला कट येईपर्यंत तुम्ही तिथे नसणंच बरं असतं. हे तुमचे लिहायचे महिने. चित्रीकरणात लिहिण्याचा हट्ट मात्र धरू नका. तेव्हा फक्त एक वही जवळ ठेवा आणि कादंबरीबद्दल सुचेल ते दोन ओळींत टिपून ठेवा, म्हणजे धागा तुटणार नाही.

हे पुस्तकी बोलणं नाही. अमेरिकन टीव्हीतला स्टीफन कॅनेल एका वेळी अनेक मालिकांचा निर्माता असायचा. त्याला डिस्लेक्सिया होता, शाळेत तो नापास होत आला होता. त्याची पहिली कादंबरी 1995 मध्ये आली आणि 2010 मध्ये वारेपर्यंत तो कादंबऱ्या लिहीत राहिला. नोआ हॉलीची गोष्ट उलट्या बाजूने सुरू होते. तो आधी कादंबरीकार, मग टीव्हीतला लेखक-निर्माता. त्याची ‘फार्गो’ मालिका 2014 मध्ये सुरू झाली, ती चालू असतानाच त्याने ‘बिफोर द फॉल’ ही कादंबरी लिहिली आणि तिला रहस्यकथांसाठीचा 2017 चा एडगर पुरस्कार मिळाला. दोघांनाही दिवसाचे तास आपल्याएवढेच मिळाले.

मग तुमचं अडलंय कुठे? त्याचं उत्तर तुमच्या पानांत आहे, म्हणून त्यांच्यावर जरा रेंगाळतो.

पहिल्या तीन प्रसंगांचे शेवट पाहा. एकदा फोन वाजतो, एकदा दार उघडतं, एकदा गाडी सुरू होते. तिन्ही वेळा नजरेला स्पष्ट कट दिसतो. तुमची पात्रं बोलतात, उठतात, निघतात. त्यांना काय वाटतंय ते आपण चेहऱ्यावरून ओळखायचं. पण कागदावर चेहरा नसतो. ज्या जागी पडद्यावर एखादी समर्थ नटी दोन सेकंदांत सगळं सांगून गेली असती, तिथे तुमची जागा रिकामीच राहिली आहे. दुसरं म्हणजे तुमच्या कादंबरीत गर्दी नाही, पाऊस नाही, रात्र जवळजवळ नाही. सगळं घरात, दिवसा, तीन-चार माणसांत घडतं. तुम्ही नकळत बजेट सांभाळता आहात. गर्दी म्हणजे ज्युनिअर आर्टिस्ट, पाऊस म्हणजे रेन मशीन, रात्र म्हणजे लाइटचा वाढीव खर्च, हा हिशेब तुमच्या हाडीमासी खिळलाय. कादंबरीत दहा हजार माणसांचा मोर्चा एका वाक्यात निघतो आणि त्याचा खर्च काहीच नसतो.

पण सहाव्या पानावर एक परिच्छेद आहे. मुलगी वडिलांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरते आहे, आणि शुक्रवारच्या खणापाशी तिच्या लक्षात येतं की मागच्या शुक्रवारची गोळी तशीच आहे. ती कुणालाच सांगत नाही. ती गोळी न घेता तशीच ठेवताना वडील काय विचार करत असतील याचा ती विचार करते, आणि त्या विचारातच आपण त्यांना कधीच ओळखलं नाही असं तिला जाणवतं. हे कुठलाही कॅमेरा टिपू शकणार नाही. कॅमेऱ्याला डबी दिसेल आणि बोटं दिसतील, बस. तिथे तुम्ही कादंबरीकार आहात, पूर्णपणे. माझ्या मते तुमची कादंबरी अडली त्याला वेळ कारण नाही. पान लिहितानाही तुमच्यातली निर्माती शेजारी बसून नोट्स देते: ‘हे लांबतंय’, ‘इथे प्रेक्षक सुटेल’, ‘हा सीन कापला तरी चालेल’. निर्मातीचं ते कामच आहे आणि तुम्ही ते फार चांगलं करता. पण पहिला खर्डा होईपर्यंत तिला त्या खोलीत प्रवेश नको. एक सोपा उपाय करून बघा: पुढचे दोन महिने फक्त असे प्रसंग लिहा जे चित्रित करताच येणार नाहीत. एखादीची वीस वर्षांची चीड, स्वयंपाक करताना येणारे विचार, कुणी न पाहिलेलं मरण. खर्डा पुरा झाला की निर्मातीला आत बोलवा. तेव्हा तिची कात्री फार उपयोगी पडेल.

आता दिग्दर्शकाचा प्रस्ताव. तुम्हाला तो सगळ्या प्रश्नांचं उत्तर वाटतोय. मला तो सगळ्यात जोखमीचा वाटतो.

एलिया कझान हा मोठा दिग्दर्शक. 1967 मध्ये त्याची ‘द अरेंजमेंट’ ही कादंबरी आली आणि ती तुफान खपली. दोन वर्षांनी त्याने तिच्यावर सिनेमा काढला. पटकथा त्याचीच, निर्मिती त्याची, दिग्दर्शनही त्याचंच. समीक्षकांनी तो सिनेमा झोडपला. त्याच्यासारख्याला कलेची जाण नव्हती असं कोण म्हणेल? पण मूळ लेखक, पटकथाकार, निर्माता आणि दिग्दर्शक एकच माणूस असला की ‘हे सिनेमात चालणार नाही’ असं ठामपणे सांगायला समोर कुणी उरत नाही.

ब्रिटिश सिनेमातल्या एमरिक प्रेसबर्गरची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. मायकेल पॉवेलबरोबर त्याने जे सिनेमे केले त्यांवर ‘लेखन, निर्मिती आणि दिग्दर्शन’ असं दोघांचं सामाईक श्रेय असायचं. पुढे त्याने कादंबऱ्या लिहिल्या. 1961 मधल्या पहिलीवर सिनेमा निघाला, पण तो दुसऱ्याच दिग्दर्शकाने, फ्रेड झिनेमानने, काढला. दुसरी, ‘द ग्लास पर्ल्स’, 1966 मध्ये आली. लंडनमध्ये पियानो लावून देण्याचं काम करत लपून राहणाऱ्या नाझी डॉक्टरची ती कथा. नाझींपासून पळालेल्या, आईला आउश्वित्झमध्ये गमावलेल्या ज्यू लेखकाने ती त्या डॉक्टरच्या मनात शिरून लिहिली आहे. त्या वेळी तिच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. प्रेसबर्गर 1988 मध्ये गेला. पुस्तक मात्र पुढे पुन्हा छापलं गेलं, 2022 मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली आणि आता ते वाचलं जातंय. सिनेमा निघाला नाही म्हणून ते पुस्तक अपुरं राहिलं नव्हतं. तुमची पहिली कादंबरीही अपुरी नाही. सिनेमा निघाल्यावरच ती सिद्ध होईल, हे तुमच्या मनात कोणी भरवलं?

याला दुसरी बाजूही आहे. सेनेगलच्या उस्मान सेंबेनने 1973 मधली आपली ‘खाला’ (Xala) ही कादंबरी 1975 मध्ये स्वतःच पडद्यावर आणली आणि ती दोन्ही रूपांत उभी राहिली. पण त्याचं कारण स्वच्छ होतं. तो फ्रेंचमध्ये लिहायचा आणि त्याच्या देशातल्या बहुसंख्य लोकांना ते वाचता येत नव्हतं. पुस्तक पोहोचत नाही तिथे सिनेमा पोहोचवायचा, म्हणून तो चाळिशीच्या सुमाराला मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकला. आणि आपले आचार्य अत्रे: नाटकं, विडंबनं, कादंबऱ्या, सगळं त्यांच्या हातचं, तरी 1953 मध्ये निर्मिती-दिग्दर्शनाला बसले तेव्हा त्यांनी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घेतली आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्या सिनेमाला मिळालं. दुसऱ्याचं पुस्तक मायेने, पण परक्या डोळ्यांनी बघता येतं. तुमच्याकडे सेंबेनसारखं ठाम कारण असेल तर मी आडवा येणार नाही. ‘दोन्ही एकदाचं जुळवून टाकू’ हे मात्र कारण होत नाही.

म्हणून दिग्दर्शकाला माझ्या मते असं सांगा: सिनेमा जरूर कर, पण निर्माता दुसरा शोध. त्या निर्मात्याला ऑप्शन द्या, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राखून ठेवलेला हक्क. मुदत साधारण बारा ते अठरा महिने, वाढवायची तर पुन्हा पैसे. मुदतीत सिनेमा उभा राहिला तर पूर्ण किंमत, नाही तर हक्क तुमच्याकडे परत. याच पात्रांवर पुढची कादंबरी लिहिण्याचा हक्क करारात स्वतःकडे ठेवा. हक्क विकत घेऊनही अमुक वर्षांत चित्रीकरण सुरू झालं नाही तर ते परत येतील असं कलम घाला. हे सगळं तुम्ही इतरांच्या पुस्तकांसाठी टेबलाच्या पलीकडून कितीदा तरी केलं असेल. या वेळी अलीकडे बसायचं आहे, म्हणून वकील वेगळा घ्या, संस्थेचा नको. त्याआधी प्रकाशकाबरोबरचा करार काढून वाचा. लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारापासून चालत आलेल्या व्यवस्थेत कादंबरी पडद्यावर आणू देण्याचा हक्क मुळात लेखकाचा असतो. पण पुष्कळ लेखक पहिल्या पुस्तकाच्या आनंदात तो, किंवा त्यातला वाटा, प्रकाशकाला लिहून देऊन बसतात.

तरीही तुमच्याच संस्थेने सिनेमा करायचं ठरलं, तर विकणारीही तुम्ही आणि घेणारीही तुम्ही. भागीदाराने स्वतःचा सल्लागार नेमावा, किंमत तिसऱ्या माणसाकडून ठरवून घ्यावी आणि फायनान्सरला हे पहिल्याच बैठकीत सांगावं. पुढे वितरक हक्कांची कागदपत्रं लेखकापासून संस्थेपर्यंत सलग मागतात. त्या साखळीत ‘आपलंच तर आहे’ म्हणून कागद केला नाही असं निघालं, तर ऐन वेळी रिलीज अडकतं.

भागीदारावर तुम्ही रागावला आहात, पण त्याच्या काळजीत तथ्य आहे. फक्त ती त्याने चुकीच्या शब्दांत मांडली. तुमचं लक्ष उडेल ही भीती मला खोटी वाटते. खरा धोका वेगळा आहे आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. तुमच्याकडे सतत संहिता येतात, नॅरेशन होतात, नवखे लेखक विश्वासाने आपल्या कथा ऐकवून जातात. उद्या तुमच्या कादंबरीतला एखादा प्रसंग त्यांतल्या कुणाला आपला वाटला तर? नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते, तिच्या मांडणीवर असते. पण अशा वादात ‘यांना माझी संहिता वाचायला मिळाली होती’ हे सिद्ध करणं ही तक्रारदाराची अर्धी लढाई असते, आणि तुमच्या बाबतीत ती त्याने आधीच जिंकलेली असेल. म्हणून आलेल्या संहितांची तारीखवार नोंद ठेवा. कादंबरीच्या विषयाजवळ जाणारी संहिता आली तर ती स्वतः न वाचता भागीदाराकडे द्या. कादंबरीची टिपणं आणि खर्डे तारखांसकट जपून ठेवा, जुना खर्डा पुसून त्यावर नवा लिहू नका. याने तुमचं रक्षण होईल आणि त्या नवख्या लेखकांचंही. तुम्ही त्यांचं चोरणार नाही हे मला माहीत आहे. त्यांनाही ते माहीत असायला हवं.

तुमच्या नव्या कादंबरीत सिनेमाच्या धंद्यातलं एक पात्र आहे, म्हणून हेही सांगतो. नाव बदललं की सुटलो असं समजू नका. 1932 च्या एका हॉलिवूडपटात रशियाच्या झारच्या दरबारातल्या रास्पुतिनच्या कथेत काल्पनिक नावाची एक राजकन्या होती. खऱ्या रशियन राजकन्या इरिना युसुपोव्हने ‘लोक तिच्यात मलाच ओळखतात’ म्हणून लंडनमध्ये तो सिनेमा काढणाऱ्या एमजीएम कंपनीवर खटला भरला आणि 1934 मध्ये तो जिंकला. सिनेमात ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ अशी पाटी दाखवण्याची रीत त्यानंतर रुळली. तुमच्या त्या पात्राचा चष्मा, लकब आणि तो पडलेला सिनेमा हे तिन्ही एकाच खऱ्या माणसाचे असतील तर निदान दोन बदला. ज्यांच्याबरोबर उद्या पुन्हा काम करायचंय त्यांनी विश्वासात बोललेलं पुस्तकात येता कामा नये, मग कायदा काहीही म्हणो.

फायनान्सरना काय सांगायचं? खरं तेच. पुढच्या सिनेमाचं वेळापत्रक त्यांच्यापुढे ठेवा, त्यात चित्रीकरणाच्या काळात तुम्ही पूर्णवेळ हजर असाल हे लिहून द्या आणि बाकीच्या महिन्यांचा हिशेब देऊ नका. निर्माता रिकाम्या वेळात गोल्फ खेळला तर कुणी खुलासा मागत नाही.

राहिला पूर्णवेळ लिहिण्याचा प्रश्न. मी आज नको म्हणेन. तुमच्या पहिल्या पुस्तकाचा खप पाहता दुसऱ्याने लगेच घर चालवावं अशी अपेक्षा केलीत तर चौथ्या महिन्यापासून प्रत्येक वाक्याला ‘हे विकलं जाईल का’ असं विचाराल आणि नोट्स देणारी निर्माती कायमची खुर्ची टाकून बसेल. ख्वाजा अहमद अब्बास इतरांसाठी पटकथा लिहून मिळालेला पैसा स्वतःच्या सिनेमांत घालत आले, आणि सोबत कादंबऱ्या, कथा, साप्ताहिक सदर हे सगळं शेवटपर्यंत चालू ठेवलं. एका कामाने दुसऱ्याला मोकळीक द्यावी, ही जुनी आणि चांगली सोय आहे. तुम्ही फक्त पुढच्या दोन वर्षांत एक सिनेमा कमी करा. तो कोणता, हे भागीदाराबरोबर बसून ठरवा आणि त्याच्या नफ्यातला तुमचा वाटा सोडायची तयारी ठेवा. खर्डा पूर्ण झाल्यावरही सिनेमाकडे पाऊल वळत नसेल, तर पुन्हा लिहा. तेव्हा आपण वेगळं बोलू.

निर्मिती संस्थांत पगारावर असलेले, कार्यकारी निर्माते किंवा संहिता विभागात काम करणारे बरेच जण अशाच अडचणी मला कळवतात. त्यांच्यासाठी वरचं बहुतेक सगळं लागू आहे, एक गोष्ट जास्तीची. नोकरीच्या काळात लिहिलेलं सगळं संस्थेच्या मालकीचं, असं कलम तुमच्या नेमणूकपत्रात असू शकतं. पहिलं प्रकरण प्रकाशकाकडे पाठवण्याआधी ते शोधा. कलम असेल तर कादंबरीचं नाव आणि विषय लिहून, ती त्यातून वगळल्याचं पत्र सहीनिशी मागून घ्या. पुस्तक गाजायच्या आधी अशी पत्रं सहज मिळतात.